मोटारीच्या इंजिनाचा तापमान-सेन्सर : तपासणी व बदल

शेतमालाची ने-आण करण्यासाठी आता खेडोपाडी मोटारी व पिकअप गाड्या वापरल्या जातात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वेळेवर पोचला नाही, तर त्या दिवसाचा भाव हातचा जातो. अशा घाईत वाटेवर इंजिनाचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर चढला, म्हणजे मालकापुढे पेच पडतो. "सेन्सर बिघडला असेल" असे म्हणून कोणी गाडी तशीच दामटतो, तर कोणी काहीही न तपासता नवा सेन्सर विकत आणून बसवितो. पहिल्या चुकीने इंजिन जाते आणि दुसरीने पैसे जातात. म्हणून आधी तपासणी व मग बदल हा क्रम प्रत्येक शेतकरी बंधूने अंगी बाणविला पाहिजे.

सेन्सरचे कार्य

इंजिन थंड राखणारे कूलंट ज्या मार्गाने वाहते त्या मार्गात, बहुधा थर्मोस्टॅटजवळ किंवा इंजिनाच्या हेडवर, बोटाच्या पेराएवढा हा सेन्सर बसविलेला असतो. त्याच्या टोकात थर्मिस्टर नावाचा तुकडा असतो. तो तापला की विजेला होणारा त्याचा विरोध कमी होतो आणि थंड झाला की वाढतो. या फरकावरून इंजिनाचा संगणक तापमान ओळखतो व इंधन किती सोडावे, पंखा केव्हा चालवावा हे ठरवितो.

सेन्सरची तार तुटली तर संगणकास इंजिन अतिशय थंड असल्याचे भासते. तो जादा इंधन सोडतो. परिणामी पेट्रोलच्या गाडीत खप वाढतो, काळा धूर येतो व तापलेले इंजिन पुन्हा चालू होण्यास त्रास देते. याउलट, दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर इंजिन फार तापल्याचे भासते आणि सकाळच्या थंडीत गाडी लवकर चालू होत नाही. पुष्कळ गाड्यांत बिघाड ओळखताच संगणक पंखा सतत चालू ठेवतो.

इंजिन खरोखर तापले आहे काय ?

ही पहिली व सर्वांत महत्त्वाची पायरी होय. काटा लाल पट्टीत गेला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जाण्याचा संभव असतो. रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये. आतील कूलंट दाबाखाली असल्यामुळे ते १०० अंश सेल्सिअसच्या वरही न उकळता राहते. झाकण सैल होताच ते उकळून उसळते व तोंड आणि हात भाजतात.

दोन-तीन तासांनी, इंजिन हाताला पूर्ण थंड लागल्यावर, कूलंटची पातळी पाहावी. ती कमी असेल तर गळती शोधावी. पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप, नळ्या व चिखलाने बुजलेली रेडिएटरची जाळी हीही तपासावीत. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कूलंट सेन्सरच्या खाली उतरले, तर सेन्सर नुसत्या हवेत वा वाफेत राहतो. अशा वेळी इंजिन भाजत असूनही काटा खाली दिसू शकतो. सेन्सर निर्दोष असतो, पण त्याने दाखविलेला आकडा खोटा ठरतो. काट्यावर विसंबून गाडी चालू ठेवली तर गॅस्केट जळते, हेड वाकते व पिस्टन जाम होतात.

तारेची व सेन्सरची तपासणी

कूलंट ठीक असेल तर सेन्सरच्या सॉकेटकडे वळावे. बॅटरीची ऋण तार सोडून सॉकेटची खुंटी दाबावी व ते सरळ ओढावे. तारेला धरून ओढू नये. आत हिरवट गंज, पाणी किंवा वाकलेली पिन आहे काय, ते पाहावे. धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हा दोष पुष्कळदा आढळतो. अशा वेळी नवा सेन्सर घालून काहीच साधत नाही.

गाडीस संगणकाचे सॉकेट असल्यास गावातील मिस्त्रीकडील यंत्राने दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा. पी ०११७ हा क्रमांक प्रायः तारा चिकटल्याचे आणि पी ०११८ हा तार तुटल्याचे दर्शवितो. दोन्ही क्रमांक सेन्सर व तार मिळून होणाऱ्या संपूर्ण मार्गाविषयी असतात. केवळ त्यांवरून सेन्सरला दोषी धरू नये.

सेन्सरची खरी परीक्षा घरच्या चुलीवर करता येते. पुढे दिलेल्या रीतीने तो काढून घ्यावा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याची टोके सेन्सरच्या दोन पिनांना लावावीत. सेन्सरचे फक्त धातूचे टोक पातेल्यातील पाण्यात बुडवून पाणी हळूहळू तापवावे. दोन पिनांच्या बहुतेक सेन्सरांत पुढीलप्रमाणे आकडे मिळतात :

२० अंशांस : २,००० ते ३,००० ओहम
४० अंशांस : सुमारे १,००० ते १,३०० ओहम
८० अंशांस : सुमारे २५० ते ४०० ओहम

नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. थर्मामीटर नसल्यास पाणी उकळू द्यावे. दख्खनच्या पठारावर ते १०० अंशांहून एक-दोन अंश कमीवर उकळते व तेव्हा आकडा सुमारे २०० ओहम असावा. आकडा सावकाश व सतत उतरत गेला तर सेन्सर चांगला समजावा. तो एकाच जागी थांबला, मध्येच उडी मारली किंवा काहीच दिसले नाही, तर सेन्सर निकामी झाला आहे.

बदलण्याची रीत

१. इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची ऋण तार सुटलेली असावी.

२. खाली स्वच्छ परात ठेवून, पातळी सेन्सरच्या खाली येईल इतके कूलंट काढावे.

३. सेन्सरभोवतालची माती पुसावी. नेमक्या मापाच्या पान्याने तो सोडवावा. काही गाड्यांत आट्यांऐवजी क्लिप असते.

४. नवा सेन्सर जुन्याशी ताडून पाहावा. आटे, पिना व लांबी सारखी असावी. वॉशर किंवा रबरी कडे नवेच घालावे.

५. प्रथम हाताने आटे बसवावेत व मग पान्याने बेताने आवळावे. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जोराने लगेच मरतात.

६. जुन्या गाड्यांत काट्याच्या सेन्सरला एकच तार असते व त्याचे अर्थिंग आट्यांतून होते. त्यावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये.

७. सॉकेट व बॅटरी जोडून कूलंट हळूहळू भरावे. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तेथून बुडबुडे थांबेपर्यंत हवा जाऊ द्यावी. झाकण लावून, वरची नळी गरम होईपर्यंत इंजिन चालवावे व गळती पाहावी. पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर पातळी भरून घ्यावी.

काढलेले कूलंट गोडसर लागते, परंतु ते विषारी असते. जनावर किंवा कुत्रे ते चाटून दगावू शकते. ते ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गोठ्याच्या गटारात ओतू नये. परातही पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. झाकणाच्या डब्यात भरून, नाव लिहून ते गॅरेजमध्ये द्यावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावाच्या बैठकीत एक चांगला व एक निकामी सेन्सर, पातेले व मल्टिमीटर घेऊन जावे. पाणी तापत असता दोहोंचे आकडे उपस्थितांपैकीच एकास मोठ्याने वाचावयास सांगावे. त्यानंतर विचारावे : "काटा खाली आहे, पण कूलंट आटले आहे. गाडी चालवावी काय ?" या प्रश्नाचे "नाही" हे उत्तर कारणासह देता येईपर्यंत प्रात्यक्षिक पुरे झाले असे समजू नये.