अब्बांची विजेरी

(बाजारात मिळणारी वस्तू सर्वांसाठी सारखीच असते, पण माणसांचे हात सारखे नसतात. एका मुलाने मामूंच्या मदतीने आपल्या वडिलांसाठी घरीच विजेरी कशी तयार केली, हे या पाठात त्याच्याच शब्दांत सांगितले आहे.)

आमचे घर मालेगावात आहे. मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. माझे अब्बा रात्रपाळीत माग चालवतात. मध्येच वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि कारखान्यात काळोख पसरतो. अशा वेळी ताण्यातला तुटलेला धागा शोधायचा, तर खिशात विजेरी हवीच. आमच्याकडे लोक तिला 'बॅटरी' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मागाचे काम करताना अब्बांच्या उजव्या हाताचा अंगठा दुखावला. तेव्हापासून तो नीट वाकत नाही. विजेरीचे लहानसे बटण त्यांना दाबता येत नसे. अंधारात ते शेजारच्या कामगाराला हाक मारत. एकदा जेवताना ते अम्मीला म्हणाले, "एवढ्याशा कामासाठी रोज दुसऱ्याला हाक मारायची मला लाज वाटते." ते शब्द माझ्या मनाला लागले.

माझ्या मामूंच्या घरी ओट्यावर एक लहान लेथ आहे. उर्दूत आपण त्याला खराद म्हणतो. मामू त्यावर मागाचे सुटे भाग तयार करतात. मी त्यांना म्हणालो, "मामू, बटण नसलेली विजेरी बनवता येईल का?"

मामू हसले. "येईल की! पण लोखंड-ॲल्युमिनियम नंतर. आधी कागद आणि पेन्सिल घे."

आम्ही आकृती काढायला बसलो. साधा पेन्सिल सेल साडेचौदा मिलिमीटर जाड आणि साडेपन्नास मिलिमीटर लांब असतो. तो सहज आत जावा म्हणून नळीचे छिद्र 15 मिलिमीटर ठेवायचे ठरले. सेलचा दाब दीड व्होल्ट, पण पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. म्हणून दाब वाढवणारे तयार सर्किट आम्ही विकत आणले.

"बटणाऐवजी डोके फिरवायचं," मामू म्हणाले. "डोके आवळले की आतली पितळी पिन सेलच्या टोकाला टेकेल आणि दिवा लागेल. अर्धा फेरा सैल केला की पिन अर्धा मिलिमीटर मागे सरेल आणि दिवा विझेल. डोके चांगलं जाड ठेवू, म्हणजे तुझ्या अब्बांना ते अंगठ्याशिवाय तळहाताने फिरवता येईल."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. मामूंनी आधी नियम सांगितले. डोळ्यांवर चष्मा हवा. बाह्या सैल नकोत. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरता भाग मोज्यासकट हात ओढून घेतो. आणि चकची किल्ली चकमध्ये कधीही विसरायची नाही.

ॲल्युमिनियमचा गज चकमध्ये फिरू लागला. टूल टेकताच चकचकीत कीस निघू लागला. बाहेरचे काम मामूंनी केले आणि आतले छिद्र मोठे करण्याचे काम मला दिले. मला वाटले, छिद्र थोडे सैल असलेले बरे, सेल अडकणार नाही. मी ते 16 मिलिमीटर केले आणि मामूंना काही सांगितले नाही.

मग नळीच्या टोकावर 18 मिलिमीटरचे आटे पाडले. मामू डोके बसवायला गेले, तोच कट्‌ असा आवाज झाला. आट्यांपाशी नळीला तडा गेला होता. मामूंनी व्हर्निअर लावून छिद्र मोजले. माझी मान खाली गेली.

ते रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा कागद पुढे ओढला. "हिशेब कर. बाहेरून 18. आट्यांची खोली दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 1.2. राहिले किती?"

"16.8."

"त्यातून तुझे 16 गेले. उरलेल्याचे दोन भाग कर."

उत्तर आले 0.4 मिलिमीटर! छिद्र 15 असते, तर भिंत 0.9 मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून जाड राहिली असती.

"धातू रागावत नाही आणि माफही करत नाही," मामू म्हणाले. "पण चूक लपवली नसतीस, तर आटे पाडण्याची मेहनत तरी वाचली असती."

दुसरी नळी मी दर वेळी मोजून, मामूंना दाखवून पूर्ण केली. तिच्या पुढच्या टोकाला आत लहानसा काठ ठेवला. सेलचे धन टोक या काठाला टेकू नये म्हणून तेथे प्लॅस्टिकची चकती बसवली, नाहीतर वीज दिव्यात न जाता परस्पर नळीतून वाहिली असती. मागच्या झाकणात स्प्रिंग आली. एलईडीची उष्णता बाहेर जावी म्हणून तिची पट्टी डोक्याच्या धातूला घट्ट चिकटवली. सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून रबरी रिंग घातली. शेवटी डोक्यावर नर्लिंग करून ते खरखरीत केले, म्हणजे तेलकट हातातूनही निसटणार नाही.

काम करता करता मामू माहिती सांगत होते. हातात धरायच्या विजेरीचे एक पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना 1899 साली मिळाले. तेव्हाचे सेल इतके कमजोर होते, की दिवा क्षणभरच लावता येई. पांढऱ्या एलईडीचा मार्ग निळ्या एलईडीमुळे मोकळा झाला. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संध्याकाळी अब्बा कामावर निघाले, तेव्हा मी विजेरी त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी डोके तळहातात धरून फिरवले. भिंतीवर पांढरा गोल उमटला. त्यांनी ती विझवली, पुन्हा लावली, पुन्हा विझवली. काही न बोलता ती खिशात टाकून ते निघून गेले.

सकाळी ते परतले तेव्हा मी जागाच होतो. "रात्री वीज गेली होती का?" मी विचारले.

"गेली होती," अब्बा म्हणाले. "शेजारचा माझी हाक येईल म्हणून वाट पाहत होता. काल मीच त्याच्या मागावर उजेड धरला."

तडा गेलेली पहिली नळी मी फेकली नाही. ती माझ्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. तिच्यात मी पेन्सिली ठेवतो.

शब्दार्थ
विजेरी – टॉर्च
यंत्रमाग – विजेवर चालणारा माग
ताणा – कापडातील उभे धागे
गज – धातूची लांब, भरीव कांब
कीस – धातू कापताना निघणारे बारीक तुकडे
आटे – स्क्रूसारखे फिरते खाचे
नर्लिंग – पकड यावी म्हणून धातूवर उठवलेली खरखरीत नक्षी
मनाला लागणे – वाईट वाटणे
मान खाली जाणे – शरम वाटणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांना बाजारातील विजेरी का वापरता येत नव्हती?
(आ) लेथवर हातमोजे का घालू नयेत?
2. कारणे लिहा.
(अ) पहिल्या नळीला तडा गेला.
(आ) नळीच्या काठावर प्लॅस्टिकची चकती बसवली.
3. 'धातू रागावत नाही आणि माफही करत नाही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
4. 'मनाला लागणे' आणि 'मान खाली जाणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
5. तुमच्या घरातील कोणाची एखादी अडचण दूर करणारी वस्तू सुचवा. तिची आकृती काढून मापे लिहा.