तोल न सावरणारे मांजरीचे पिल्लू : सांभाळ आणि सावधगिरी

मांजरीचे पिल्लू साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालू लागते, आणि त्याच सुमारास ते पाय फाकवून उभे राहत असेल, पाऊल गरजेपेक्षा उंच उचलत असेल व वळताना कलंडत असेल, तर त्याचे अनुमस्तिष्क, म्हणजे हालचालींचा मेळ राखणारा लहान मेंदू, अपुरे वाढलेले असण्याची शक्यता असते. या अवस्थेस सेरेबेलर हायपोप्लासिया म्हणतात. पॅनल्यूकोपेनिया या आजाराचा विषाणू (मांजरांचा पार्व्हो) भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतो. गाभण मांजरीस त्याची बाधा झाली, की गर्भातील पिल्लांच्या लहान मेंदूतील अशाच पेशी नष्ट होतात. गाभणपणी जिवंत विषाणूची लस टोचल्यासही हे घडू शकते.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण हानी पुढे वाढतही नाही आणि पिल्लाला वेदनाही नसतात. हे ठाऊक नसल्याने कोणी कॅल्शियमच्या बाटल्या पाजत राहतो, तर कोणी पिल्लाला कायमचे झोपवण्याची घाई करतो, दोन्ही उतावळेपणाच.

अशा पिल्लाचे डोके बशीजवळ येईल तसतसे अधिक हलते, नाक अन्नात आपटते, आणि झोप लागताच थरथर पूर्ण थांबते. हेतुपूर्वक हालचालीत वाढणाऱ्या या थरथरीस उद्देशकंप म्हणतात. त्यासाठी जड, पसरट भांडे किंचित उंचावर ठेवून छातीला हाताचा आधार द्यावा. गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरावी, आणि शी-शूचा ट्रे एका बाजूने बुटका व इतर बाजूंनी उंच असावा, म्हणजे पिल्लाला टेकता येते. नखांनीच ते जमीन धरते, त्यामुळे कापायचीच झाल्यास फक्त टोके कापावीत. गॅलरीला जाळी हवीच.

मात्र प्रत्येक डळमळीत चाल जन्मजात समजणे घातक ठरते. डोके एकाच बाजूला कलत असेल तर कानाचा संसर्ग संभवतो. सतत कच्च्या मासळीवर पोसलेल्या पिल्लात ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होऊ शकते. आणि कुत्र्यांसाठीच्या गोचीडनाशकातील परमेथ्रिन मांजरांना जीवघेणे असते. कालपर्यंत नीट चालणारे पिल्लू आज थरथरू लागले, किंवा त्याची चाल दिवसागणिक बिघडत गेली, तर त्याला त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे आणि घरात काही औषध लावले असल्यास त्याचे वेष्टनही सोबत घ्यावे.