काळ्या मेंदीचा बिब्बा

पुतणीच्या लग्नात बिब्बा घातला तो मीच, आणि तोही डोक्याला मेंदी लावून. हळदीच्या दिवशी सगळ्या बायका पिवळ्या साड्या नेसून फोटो काढत होत्या, तेव्हा मी त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. डोळे सुजून फटीएवढे उरलेले, कानांच्या पाळ्या लाल आणि मानेवरून पाणी झिरपतंय. जावेने फोनवर विचारलं, "वहिनी, काय लावलंत?" मी म्हटलं, "अगं, मेंदीच. हर्बल."

मेंदी मला नवी नव्हती. वीस वर्षं लावतेय. लोखंडी कढईत चहाचं दाट पाणी, त्यात मेंदी, आवळकाठीची पूड, थोडा कात, आणि रात्रभर झाकून ठेवायचं. चहा-आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह एकत्र आलं की मिश्रण काळपट होतं, म्हणून कढई लोखंडीच हवी. सकाळी लावलं की तीन तास डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून घरभर फिरायचं. एवढं करून पांढऱ्या केसांवर चढतो तो रंग नारिंगी ते तपकिरी. लग्नात असं भगवं डोकं नको वाटलं, आणि दुकानदाराने 'काळी मेंदी'ची पुडी पुढे केली. पुढच्या बाजूला हिरवं पान, 'अमोनिया नाही', 'शुद्ध वनस्पतिजन्य'. साध्या पाण्यात कालवा, वीस मिनिटांत काळेभोर केस.

याआधी दोनदा वापरली होती, काही झालं नव्हतं. त्याच भरवशावर सोमवारी दुपारी लावली. मंगळवारी रात्री कानामागे खाज सुटली. मी काय केलं असेल? कोरफडीचा गर चोळला. मग खोबरेल. मग कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबू, त्याने तर जीवच गेला. बुधवारी सकाळी आरशात मी मला ओळखलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "रंग किती वेळात चढला?" वीस मिनिटं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग ती मेंदी नव्हे." मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य लॉसोन. ते केसाच्या प्रथिनाला धरून बसायला तास लागतात, आणि त्याचा रंग कधीच काळा नसतो. वीस मिनिटांत काळं करतं ते पॅराफेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी. याचे रेणू लहान असतात, केसात शिरतात आणि तिथे प्राणवायूशी संयोग झाला की काळे होतात. मेंदी पुडीत असेलही, पण काम हे द्रव्य करतं.

पुडी मी केव्हाच कचऱ्यात टाकली होती. मुलाने त्याच दुकानातून दुसरी आणली, मागच्या बाजूचा फोटो काढून मोबाइलवर मोठा केला. आठव्या-नवव्या ओळीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते नाव होतं. त्याखाली इंग्रजीत सूचनाही होती. आपल्याकडच्या नियमानुसार अशा केशरंगावर, स्थानिक भाषेतसुद्धा, छापावं लागतं की आधी त्वचेवर चाचणी घ्या, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. हिरव्या पानाच्या मागच्या अंगाला अंधत्व! मी बँकेत तीस वर्षं लोकांना 'सही करण्याआधी वाचा' म्हणून सांगत आले.

दोनदा काही झालं नाही, मग तिसऱ्यांदा का? याचं उत्तर मला पटायला वेळ लागला. अशी ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नसते. शरीर आधी ते द्रव्य ओळखून ठेवतं, काही लोकांत दुसऱ्या वेळी, काहींत दहाव्या वेळी, आणि एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी भडका उडतो. म्हणून 'मला चालते' या वाक्याला अर्थ नाही. भडका टाळूपेक्षा पापण्या, कान, मान यांवर जास्त दिसतो, कारण तिथली कातडी पातळ. लोक म्हणूनच 'काहीतरी डोळ्यात गेलं असेल' म्हणत बसतात आणि मेंदीवर संशय घेत नाहीत.

पंधरा दिवसांनी, सूज उतरल्यावर, पाठीवर पट्ट्या लावून चाचणी झाली. व्हॅसलिनमध्ये १ टक्का पीपीडी, दोन दिवस पट्टी, मग दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी निरीक्षण. माझ्या पाठीवर त्या एका चौकोनात लाल फोड उठले होते. आता पर्समध्ये कार्ड असतं, कारण याचे नातलगही त्रास देतात: टोल्युइन डायअमीन असलेले रंग आणि बेंझोकेनसारखी भूल देणारी मलमं. हे दंतवैद्यालाही सांगायचं असतं.

एक गोष्ट मला खटकते. 'वनस्पतीचं आहे, काय होणार' हे बोलणं आपल्या आजीचं नाही. आजी बिब्ब्याला केवढी भीत असे! धोबी कपड्यांवर खुणा करायचे तो बिब्बा. पायाच्या भेगांत टोचून तापवलेला बिब्बा लावायची, पण दारातल्या पोरांना आधी हाकलायची, आणि कुणाला उतलाच तर तीळ आणि खोबरं हाताशी असायचं. तिला ठाऊक होतं की वनस्पती कातडी जाळू शकते. लिंबाचंही तसंच. माझ्या भाचीने चेहऱ्याला बेसन-लिंबू लावून उन्हात स्कूटर चालवली. लिंबातल्या फ्युरोकुमारिन द्रव्यांवर सूर्याचे अतिनील किरण पडले की भाजल्यासारखे डाग उमटतात. तिचे डाग जायला पावसाळा उजाडला. आणि बारशाच्या बाळाला हौसेने मेंदी लावू नका: जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी खऱ्या मेंदीनेही फुटू शकतात.

जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर काळ्या मेंदीचे जे नक्षीकाम कोनाने हातावर काढतात ते तर सर्वांत वाईट. युरोपात केसांसाठी पीपीडीची डोक्यावरची मर्यादा २ टक्के आहे, त्वचेवर थेट लावायला परवानगीच नाही. इथे मुलांच्या हातावर काय असतं ते कोन विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

काळा रंग वनस्पतीतून हवाच असेल तर नीळ आहे. आधी मेंदी, केस धुऊन मग कोमट पाण्यात कालवलेली निळीची पूड, त्यात लिंबू-दही काही नको, आणि कालवल्यावर पाव तासात लावायची. दुपार जाते, घरभर वास सुटतो, आणि रंग दोन दिवसांत गडद होत जातो. मीही आता तेच करते, कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दोन दिवस वाट पाहिल्यावर.

अंगावर उठलंच, तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, वरून काहीही चोळू नका, आणि डॉक्टरांकडे जा. ज्यांना एकदा झालंय त्यांनी पीपीडी असलेल्या रंगाची घरी चाचणीही घेऊ नये. पुडी मात्र जपून ठेवा, मागची बाजू दाखवायला लागते. अक्षरं वाचता येत नसतील तर दुकानातल्या पोराला मोठ्याने वाचायला सांगा, रांगेतल्या चार जणींनाही ऐकू जाईल.