मोटारीचा प्लग व अडखळणारें इंजिन

मोटारगाडी रस्त्यानें धांवत असतांना तिच्या इंजिनाचे बारीकसारीक दोष सहसा ध्यानांत येत नाहींत. वेगाचा आवाज व चाकांचा खडखडाट यांत ते दडून जातात. परंतु सिग्नलापाशीं गाडी थांबली, चालकानें रेसवरचा पाय काढला व इंजिन मंद चालूं लागलें, म्हणजे त्याची खरी प्रकृति कळते. निरोगी इंजिन अशा वेळीं शिवणयंत्राप्रमाणें एकसुरी चालतें. बिघडलेलें इंजिन थरथरतें, मध्येंच दचका खातें, आसनावरच्या माणसांस हलवितें आणि कधीं कधीं बंदहि पडतें. गॅरेजांतील मिस्त्री या रोगास 'गाडी मिसिंग करते' असें म्हणतात व बहुधा पहिला उपाय म्हणून प्लग बदलतात. प्लग बदलणें हें काम घरीं करतां येण्याजोगें आहे, व तें कसें करावें हें आम्ही येथें सांगणारच आहों. पण काढलेला जुना प्लग नीट न पाहतां फेकून देणें म्हणजे साक्ष न घेतांच साक्षीदारास घरीं पाठविणें होय, हें आम्हांस त्याहून अधिक आग्रहानें सांगावयाचें आहे.

उदाहरणासाठीं कार्ब्युरेटर असलेली मारुति ८०० घेऊं. ही गाडी सन १९८३ मध्यें बाजारांत आली व सन २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें; तरी कांहीं घरीं ती अजून जपून ठेवलेली दिसते, आणि शिकणाऱ्यास तिच्याइतकें सोपें इंजिन दुसरें मिळणें कठीण. तिच्या इंजिनांत तीन नळकांडीं असतात व प्रत्येकांत एक दट्ट्या खालींवर होतो. तो खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढतो. वर येतांना तें दाबतो. त्याच सुमारास प्लगाची ठिणगी पडून मिश्रण पेटतें व त्या जोरानें दट्ट्या पुनः खालीं ढकलला जातो. चौथ्या खेपेस जळलेला धूर बाहेर टाकला जातो. या चार खेपांत इंजिनाचे दोन फेरे होतात. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास ९०० फेरे घेत आहे असें धरल्यास प्रत्येक नळकांड्यांत मिनिटाला ४५० वेळां, म्हणजे सेकंदास साडेसात वेळां, मिश्रण पेटलें पाहिजे. एका नळकांड्यानें यांत कुचराई केली, कीं एका भोयानें खांदा काढून घेतलेल्या पालखीप्रमाणें सारें इंजिन हेलकावे खाऊं लागतें. तीन नळकांड्यांच्या इंजिनास हा धक्का अधिकच जाणवतो, कारण त्याची एकतृतीयांश शक्ति एकदम नाहींशी होते.

आतां ही ठिणगी येते कोठून? बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. एवढ्याशा दाबानें वीज पाऊण मिलिमीटर हवेंतूनहि उडी मारीत नाहीं. म्हणून गाडींत इग्निशन कॉइल बसविलेली असते. तिच्यांत लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतील प्रवाह एकाएकीं तोडला म्हणजे बारीक तारेंत क्षणभर दहा हजारांहून अधिक व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यानें सन १८३१ मध्यें शोधून काढलेलें विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचें तत्त्व तें हेंच. आमचे विद्यार्थी परीक्षेपुरतें तें पाठ करितात, आणि शाळेंत ज्या गाडींतून येतात तिच्यांत तें मिनिटाला हजारांवर वेळां घडत असतें याची त्यांस दादहि नसते! कॉइलमधील वीज डिस्ट्रिब्युटर नांवाच्या वाटपी डब्यांत येते व तेथून तीन जाड तारांनीं पाळीपाळीनें तीन प्लगांकडे जाते. विजेच्या ठिणगीनें इंजिन पेटविण्याची कल्पना जुनी आहे. एतिएन लनुआर याच्या सन १८६० च्या गॅसवरील इंजिनांतहि ती होती. सन १९०२ मध्यें रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरानें उच्च दाबाची मॅग्नेटो व तिला जोडावयाचा प्लग सिद्ध केल्यावर ती मोटारींत सर्वत्र रूढ होत गेली.

प्लग काढण्याचें काम इंजिन पूर्ण थंड असतांनाच करावें. हेड ॲल्युमिनियमचें असतें, व तापलेल्या ॲल्युमिनियममधील आटे लोखंडी प्लगाबरोबर सोलून निघण्याचें भय असतें. किल्ली काढून खिशांत ठेवावी व बॅटरीची ऋण तार सोडावी. कारण रेडिएटरचा पंखा विजेचा असल्यामुळें इंजिन ऊन असल्यास तो आपोआपहि फिरूं लागतो. तीन तारांवर १, २, ३ असे आंकडे लिहिलेल्या कागदाच्या चिकटपट्ट्या लावाव्या. तारांची अदलाबदल झाली तर ठिणगी भलत्याच वेळीं पडून इंजिन भडके मारूं लागतें. तार काढतांना ती ओढूं नये. टोंकाची रबरी टोपी धरून थोडी फिरवीत काढावी. नंतर प्लगाभोंवतीं साचलेली धूळ सायकलच्या पंपानें उडवून लावावी. या साध्या गोष्टीचा पुष्कळांस विसर पडतो, आणि प्लग निघतांच सर्व वाळू नळकांड्यांत पडते. प्लगपाना सरळ बसवून प्लग सोडवावा, व निघालेले तिन्ही प्लग आंकडे लिहिलेल्या कागदावर त्या त्या जागीं मांडून ठेवावे.

येथें थांबावें. नवे प्लग बसविण्याची घाई करूं नये. कागद उजेडांत घेऊन तिघांचीं तोंडें पाहावीं. मधल्या दांड्याभोंवतालचें पांढरें आवरण फिकट तपकिरी किंवा करडें झालें असेल तर त्या नळकांड्यांत सर्व ठीक आहे. कोरडी, मऊ, काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक व हवा कमी जात आहे. चोक पुरता उघडत नसेल, अथवा हवेची गाळणी तुंबली असेल. काळेपणा ओला व तेलकट असेल तर दट्ट्याच्या रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या बाजूनें तेल आंत शिरत आहे. प्लग भिजलेला असून पेट्रोलचा वास येत असेल तर मिश्रण पोंचतें आहे, पण पेटत नाहीं. आवरण पांढरेंफटक पडून त्यावर फोड आले असतील तर उष्णता अति होत आहे. मिश्रणांत पेट्रोल कमी असणें, ठिणगी वेळेपूर्वीं पडणें किंवा चुकीच्या जातीचा प्लग, यांपैकीं एखादें कारण असूं शकतें.

एकेका प्लगापेक्षां तिघांची तुलना अधिक बोलकी असते. तिन्ही सारखेच काळे असतील, तर दोष तिघांच्या सामाईक ठिकाणीं, म्हणजे कार्ब्युरेटर, चोक वा गाळणी येथें शोधावा. दोन तपकिरी व एकच निराळा असेल, तर दोष त्या एकाच्या घरांत आहे: त्याची तार, त्याची टोपी, त्याचे व्हॉल्व्ह किंवा त्याच्या रिंगा. समजा, दुसरा प्लग तेलकट निघाला. नवा प्लग घालतांच गाडी सुरेख चालेल. मालक संतुष्ट होईल. आणि कांहीं आठवड्यांनीं तोच प्लग पुनः काळा होऊन तीच थरथर सुरू होईल. दोन-तीनदां प्लगांवर पैसे घालविल्यावर इंजिन उघडण्याची वेळ येते, ती पहिल्याच दिवशीं कागदावर लिहून ठेवल्यासारखी दिसत होती. गृहस्थाश्रमी माणसाच्या खिशाला हा भुर्दंड लहान नव्हे.

नवा प्लग बसविण्यापूर्वीं त्याची फट मोजावी. जुन्या पद्धतीच्या या गाडीस ती बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत दुसरा आंकडा असल्यास तोच प्रमाण मानावा. फीलर गेजचें पातें फटींतून हलकेंच घासून गेलें पाहिजे. कमीजास्त करावयाची तर केवळ बाजूचा वाकडा दांडा किंचित् वाकवावा; मधल्या दांड्यास व पांढऱ्या आवरणास जोर लावूं नये. मग प्लगाच्या शेपटीवर रबरी नळीचा तुकडा चढवून त्या नळीनेंच प्लग आट्यांत फिरवावा. तो तिरपा लागला तर नळी घसरते व आटे वांचतात. पान्यानें सुरुवात केली तर पाना घसरत नाहीं, आटे जातात. हातानें पुरता बसल्यावर पान्यानें नवा प्लग सुमारें अर्धा फेरा आंवळावा. जुनाच प्लग परत बसवीत असल्यास त्याचा वायसर आधींच दबलेला असतो, म्हणून एका फेऱ्याचा बारावा भाग पुरे. ताकद दाखविण्याची ही जागा नव्हे.

प्लग बदलूनहि थरथर राहिली तर? येथें एक प्रश्न विचारावा: गाडी अडखळते ती केवळ उभी असतांना, कीं घाट चढतांनाहि? चढावर इंजिनावर भार पडून नळकांड्यांतील दाब वाढतो व ठिणगीस उडी मारणें अवघड होतें. तेथें अडखळत असेल तर तारा, डिस्ट्रिब्युटरची टोपी व कॉइल यांवर संशय घ्यावा. आमच्या इकडे पावसाळ्यांत टोपीच्या आंत दमट हवा शिरून हा विकार हटकून होतो. काळोख्या रात्रीं बॉनेट उघडून दुरून पाहिलें तर गळक्या तारेवर निळसर ठिणग्या नाचतांना स्पष्ट दिसतात. केवळ उभ्या गाडींतच दोष दिसत असेल, तर चोरवाटेनें आंत जाणारी हवा हें कारण संभवतें. मंद चालणाऱ्या इंजिनास हवा फारच थोडी लागते, म्हणून चिरलेल्या रबरी नळींतून शिरलेली चिमूटभर हवाहि तेथें मोठा बिघाड करिते. वेगांत तीच गणतींत राहत नाहीं. रबरी नळीचें एक टोंक कानास लावून दुसरें कार्ब्युरेटरच्या बुडाजवळील सांध्यांपाशीं फिरविलें, म्हणजे गळतीच्या जागीं सूं असा आवाज ऐकूं येतो. हें करतांना पंखा व पट्टा यांपासून हात, बाही व ओढणी दूर ठेवावी, आणि वडील माणूस जवळ असावें. तसेंच बंद गॅरेजांत इंजिन कदापि चालूं ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसाचा प्राण घेतो.

एवढें सारें झाल्यावरच कार्ब्युरेटरच्या स्क्रूस हात लावावा. पुष्कळ लोक याच्या उलट करितात. गाडी अडखळली कीं स्क्रू आंवळून 'स्लो वाढवितात.' आम्हांस ही रीत मुळींच पसंत नाहीं. त्यानें दुखणें जात नाहीं. इंजिन जलद फिरल्यामुळें तें झांकलें जातें, आणि पेट्रोल मात्र फुकट जळत राहतें. इंजिन ऊन झाल्यावर, चोक पुरता उघडा असतांना, पुस्तिकेंत सांगितलेल्या वेगावर तें आणून ठेवावें, व मिश्रणाचा स्क्रू फिरविला असल्यास धुराची तपासणी करून घ्यावी.

सन २००० च्या सुमारापासून कार्ब्युरेटर मागें पडून यंत्रानें मोजून पेट्रोल फवारण्याची पद्धत आली. अनेक नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नसून प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल असते. तेथें स्क्रूचा प्रश्नच नाहीं. मंद गति संगणक सांभाळतो. गंमत अशी, कीं हा संगणकहि तुलनेचीच रीत वापरतो. प्रत्येक नळकांडें पेटल्यावर इंजिन किती वेगानें फिरलें हें तो मोजतो, आणि दुसरें नळकांडें वारंवार मागें पडूं लागलें तर पी०३०२ अशी खूण नोंदवून पिवळा दिवा लावतो. तो दिवा लुकलुकत असतांना गाडी तशीच हांकूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें व तो महागडा भाग नासतो. अशा गाड्यांत इरिडियमचे प्लग असल्यास त्यांचें टोंक फार नाजूक असतें. त्यांची फट घरीं वाकवूं नये.

काढलेले प्लग तारीख, आंकडा व गाडीचे किलोमीटर लिहून एका डबींत ठेवावे. नवे प्लग पांचशें किलोमीटर चालले, म्हणजे इंजिन थंड असतांना पुनः एकदां काढून जुन्यांच्या शेजारीं मांडावे व रंग ताडून पाहावा.