शोध चांगल्या चित्रपटाचा

प्रस्तावना

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तो पाहायचा असेल तर प्रेक्षकाला चित्रपटगृहात जावे लागे. पुढे दूरदर्शन आले, व्हिडिओ कॅसेट आली, चकत्या आल्या आणि चित्रपट घरात शिरला. आता तो हातातील भ्रमणध्वनीवर येऊन थांबला आहे. भारतात हॉटस्टार ही सेवा २०१५ मध्ये, तर नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ या दोन्ही २०१६ मध्ये सुरू झाल्या. झी ५ त्यानंतर आली. आंतरजालावरून चित्रपट दाखवणाऱ्या या सेवांना आपण सर्रास ‘ओटीटी’ म्हणतो.

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी माणसाला या सोयीचे मोल अधिक वाटते. महाराष्ट्राबाहेर मराठी चित्रपट लागतो तो मोजक्या ठिकाणी आणि मोजके दिवस. घरबसल्या तो पाहता येणे ही मोठीच गोष्ट आहे. तरीही संध्याकाळी तासभर पडद्यावर बोट फिरवून शेवटी काहीच न पाहता झोपी जाणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

पाठ

दुकानदार माल विकत आणतो आणि तो विकेपर्यंत दुकानात ठेवतो. ओटीटी सेवेची गोष्ट तशी नाही. तिच्याकडील बहुतेक चित्रपट तिच्या मालकीचे नसतात. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून ती ते दाखवण्याचा हक्क ठराविक मुदतीसाठी घेते. या करारात तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या असतात : चित्रपट कोणत्या देशात दाखवायचा, किती काळ दाखवायचा आणि अन्य कोणाला तो दाखवता येईल की नाही. मुदत संपली आणि करार पुढे चालू ठेवणे परवडेनासे झाले, की चित्रपट त्या सेवेवरून निघून जातो. याचा गाजावाजा होत नाही. कधी तो दुसऱ्या सेवेकडे जातो, तर कधी बराच काळ कोठेच दिसत नाही. आपण वर्गणी भरतो ती दार उघडे ठेवण्याची. आत काय असेल याची हमी त्यात नसते.

ही उलथापालथ किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण पाहू. एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या मालिका भारतात हॉटस्टारवर पाहायला मिळत. ३१ मार्च २०२३ नंतर त्या तेथून गेल्या आणि त्याच वर्षी जिओसिनेमा या प्रतिस्पर्धी सेवेवर अवतरल्या. ज्यांनी केवळ त्या मालिकांसाठी वर्षाची वर्गणी भरली होती, त्यांना हात चोळत बसावे लागले. पुढे या दोन प्रतिस्पर्धी सेवांच्या मालक कंपन्याच एकत्र आल्या आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही सेवा मिळून जिओहॉटस्टार ही एकच सेवा झाली. म्हणजे त्या मालिका दोन वर्षांच्या आत घर सोडून गेल्या आणि जुन्या घराचे नाव बदलल्यावर परत आल्या. एमएक्स प्लेअर ॲमेझॉनने २०२४ मध्ये घेतला, तेव्हाही असेच नामांतर झाले. म्हणून ‘अमुक चित्रपट तमुक सेवेवर आहे’ हे वाक्य नेहमी तारखेसह ऐकावे. गेल्या वर्षीच्या वर्तमानपत्रातील यादी रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकासारखी असते.

आता दुसऱ्या अडचणीकडे वळू. ती पहिलीहून अवघड आहे. सेवा उघडताच समोर जी चित्रे दिसतात, ती कोण निवडतो? तुम्ही आधी काय पाहिले, किती वेळ पाहिले आणि कोठे सोडून दिले, याची नोंद ठेवून संगणक ती मांडणी करतो. त्यात सेवेला ज्यांची जाहिरात करायची आहे, ते नवे कार्यक्रमही मिसळलेले असतात. या मांडणीत कपट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र तिचा हेतू तुम्ही अधिक वेळ बसून राहावे हा आहे. तुमची अभिरुची वाढावी, ही जबाबदारी तिने घेतलेली नाही. काल मारामारीचा चित्रपट पाहिला, तर आज आणखी दहा मारामारीचे चित्रपट पुढे येतात. खाणावळीत एकदा पिठले मागितले म्हणून वाढप्याने महिनाभर पिठलेच वाढावे, तसा हा प्रकार!

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाचे उदाहरण घ्या. एका वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालवला जातो. वीरा साथीदार यांनी हा शाहीर उभा केला आहे. कॅमेरा फारसा हलत नाही. तारखा पडत राहतात. वकील घरी जाऊन जेवतात, बाजारहाट करतात आणि आरोपी मात्र आतच राहतो. न्यायालयाची पायरी ज्याने कधी चढली आहे, त्याला या संथपणाचा अर्थ सांगावा लागत नाही. परंतु पहिल्या दहा मिनिटांत काही ‘घडले’ नाही म्हणून पुष्कळ प्रेक्षक तो सोडून देत असतील, तर यंत्र तो पुढे कशाला करील? असे चित्रपट आपल्यापर्यंत चालत येत नाहीत. नाव ठाऊक असेल तर आपण त्यांच्यापर्यंत जातो.

पाठगत प्रश्न : करार संपल्यावर चित्रपट सेवेवरून का निघून जातो, हे तुमच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहा.

तेव्हा शोधाचा क्रम उलटा करावा. आधी सेवा उघडून मग चित्रपट निवडण्याऐवजी आधी चित्रपट निवडावा आणि मग तो कोठे आहे ते पाहावे. यासाठी एक साधी वही पुरते. वहीतील पहिली नावे कोठून आणायची? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी ही चांगली सुरुवात आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळवणारे मराठी चित्रपट थोडेच आहेत : आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३), संदीप सावंत यांचा ‘श्वास’, उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (हा पुरस्कार त्याला ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून मिळाला), ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. पुरस्कार मिळाला म्हणजे चित्रपट आवडेलच असे नाही आणि पुरस्कार न मिळालेले उत्तम चित्रपटही पुष्कळ आहेत. पण ही पाच नावे वहीत असली, की तेथून वाटा फुटतात. एक चित्रपट आवडला तर त्याच दिग्दर्शकाचे इतर चित्रपट पाहावेत, मग त्याच्या लेखकाचे, मग छायाचित्रकाराचे. नटाच्या नावापेक्षा दिग्दर्शकाच्या नावाने शोध घेतला तर फसगत कमी होते, असे आमचे मत आहे. ‘कोर्ट’ आवडलेला प्रेक्षक ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’पर्यंत सहज पोहोचतो. शास्त्रीय गायक होऊ पाहणाऱ्या तरुणाची ही कथा २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवून आली आणि एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाली.

नाव ठरले, की शोधाच्या चौकटीत ते टाकायचे. येथे मराठी चित्रपटांच्या बाबतीत एक गंमतशीर अडचण येते. अनेक सेवांवर नावे रोमन लिपीत नोंदलेली असतात. ‘श्वास’मधला ‘व’ कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दुसऱ्या. ‘आ’साठी कोणी एक अक्षर वापरतो, कोणी दोन. एका रूपाने चित्रपट सापडला नाही म्हणजे तो तेथे नाहीच, असे समजू नये. तीनचार रूपे वापरून पाहावीत. तरीही न सापडल्यास दिग्दर्शकाचे नाव टाकावे. दुसरी गोष्ट म्हणजे वर्ष तपासावे. ‘श्यामची आई’ १९५३ चा आहे, तसाच सुजय डहाके यांचा २०२३ चाही आहे. १९३६ चा ‘संत तुकाराम’ वेगळा आणि चंद्रकांत कुलकर्णी यांचा २०१२ चा ‘तुकाराम’ वेगळा. भाषाही पाहून घ्यावी. मूळ मराठी चित्रपट हवा असताना हिंदीत भाषांतरित आवाज लावलेली प्रत सुरू झाली, तर ध्वनीची भाषा बदलण्याची सोय बहुधा तेथेच असते.

सर्व सेवा एकएक करून धुंडाळण्याचे कष्ट वाचवणारी स्थळेही आहेत. त्यांपैकी ‘जस्टवॉच’ हे प्रसिद्ध आहे. तेथे देश म्हणून भारत निवडून चित्रपटाचे नाव दिले, की तो कोणत्या सेवेवर वर्गणीत मिळतो, कोठे भाड्याने मिळतो आणि कोठे विनामूल्य आहे हे कळते. मात्र अशा स्थळावरची माहिती कधीकधी मागे पडलेली असते. पैसे भरण्यापूर्वी त्या सेवेच्या स्वतःच्या शोधचौकटीत चित्रपट खरोखर दिसतो का, हे पाहिलेच पाहिजे. घरात मुले असतील तर वयाचे चिन्हही पाहावे. चित्रपटगृहातील चित्रपटांना केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ओटीटीवरील मालिकांचे वयोगट २०२१ च्या नियमांनुसार त्या सेवाच ठरवतात.

जुन्या चित्रपटांचा शोध मात्र निराळ्या वाटेने घ्यावा लागतो. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम आणि गौरी यांची कडाक्याची, प्रेमळ आवली पाहिल्यावर अभिनयाविषयीच्या आपल्या कल्पना थोड्या बदलतात. असा चित्रपट मोठ्या सेवांच्या पहिल्या पानावर सहसा दिसत नाही. पण भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो आणि त्यानंतर संपतो. इतक्या जुन्या चित्रपटाची प्रत आंतरजालावर विनामूल्य दिसली, तर ती चोरीचीच असेल असे मानण्याचे कारण नाही. त्यातील कथा, गीते यांच्या हक्कांचा हिशेब वेगळा असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. नव्या चित्रपटांच्या चोरट्या प्रतींची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. त्या पाहणे बेकायदेशीर व्यवहाराला हातभार लावणे आहे आणि अशा स्थळांवरून आपल्या यंत्रात काय शिरेल, याचाही भरवसा नसतो.

चित्रपट मिळतो तो कोणीतरी जपून ठेवला म्हणून. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे आयुष्यभर फिती गोळा केल्या. जुन्या नायट्रेट फिती अतिशय ज्वालाग्राही असत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा अनेक फिती जळून गेल्या. प्रभातचा वारसा सांगणाऱ्या शहरातच हे घडावे, याचे दुःख मोठे आहे. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. जुन्या चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती अधूनमधून महोत्सवांत दाखवल्या जातात. गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवात २० नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसार भारतीने ‘वेव्हज’ ही स्वतःची ओटीटी सेवा सुरू केली. दूरदर्शनच्या जुन्या मालिका पुन्हा पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी ती अवश्य चाळावी.

खर्चाविषयी थोडे सांगितले पाहिजे. चार सेवांची वर्गणी एकाच वेळी भरणे बेताच्या मिळकतीच्या घराला झेपत नाही आणि त्याची गरजही नाही. वहीतील सातआठ नावे एका सेवेवर जमली, की तिची एका महिन्याची वर्गणी भरावी, ती नावे पाहून संपवावीत आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे जावे. वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण वर पाहिलेल्या उलथापालथीत ती महागही पडू शकते. वर्गणी आपोआप वसूल होण्याची संमती दिली असेल तर सावध असावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये.

इतके करूनही एक उणीव राहते. एकट्याने पाहिलेला चित्रपट एकट्यापाशीच उरतो. आपल्याकडे या गरजेतून चित्रपट मंडळांची चळवळ उभी राहिली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या महासंघाचे अध्यक्षपद सत्यजित राय यांनी भूषवले. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करते आणि पुण्यात आशय फिल्म क्लब आहे. आपल्या गावात असे मंडळ नसेल, तर अभ्यासकेंद्रातील पाचसहा जण मिळूनही आरंभ होऊ शकतो. प्रत्येकाने वहीत दोन नावे घालायची, महिन्यातून एक चित्रपट सर्वांनी आपापल्या घरी पाहायचा आणि पुढच्या वर्गाच्या दिवशी त्यावर अर्धा तास बोलायचे. मतभेद होतील. एखाद्याला ‘कासव’ कंटाळवाणा वाटेल, एखादीला तो आपल्याच घरातल्या कोणाची तरी गोष्ट वाटेल. अशा बैठकीतून पुढच्या महिन्याचे नाव बहुधा आपोआप निघते.

स्वाध्याय

१. ‘आधी चित्रपट, मग सेवा’ हा क्रम लेखकाने का सुचवला आहे? तुम्हाला तो पटतो का? कारणे द्या.

२. ‘खाणावळीत एकदा पिठले मागितले’ हा दृष्टान्त कोणत्या संदर्भात आला आहे, ते स्पष्ट करा.

३. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला तिने तरुणपणी पाहिलेल्या आणि पुन्हा पाहावासा वाटणाऱ्या एका चित्रपटाचे नाव विचारा. तो आज कोठे उपलब्ध आहे याचा शोध घ्या आणि त्या शोधाचा वृत्तान्त दहाबारा ओळींत लिहा. चित्रपट सापडला नाही, तरी कोठे कोठे शोधले ते लिहा.