आधी नाव बघा

दादाला दुबईत काम मिळणार होते. एजंट म्हणाला, “आधी पैसे द्या. कागद मागाहून देतो.”

वहिनी रात्रीच्या वर्गाला जाते. ती म्हणाली, “अहो, थांबा. आधी ह्यांचं नाव तर बघू.”

मुलीने मोबाईलवर ‘ई-मायग्रेट’ उघडले. ही भारत सरकारची वेबसाईट आहे. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या परवानाधारक एजंटांची यादी तिथे असते. यादीत ह्या एजंटाचे नाव नव्हते. दादाने पैसे दिले नाहीत.

ध्यानात ठेवा. दहावी न झालेल्या कामगाराला दुबईला जाण्याआधी बहुधा सरकारी मंजुरी लागते. फिरायला जाण्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. करार वाचून घ्या. त्याची एक प्रत घरी ठेवा. तिकडे पगार अडला, तर सरकारच्या ‘मदद’ वेबसाईटवर तक्रार करता येते.

सांगा: वहिनीने आधी काय बघितले?