लाल अक्षरं वाचता येतात का?

कोर्स पूर्ण झाला, सर्टिफिकेट हातात आलं, तरी मुलगी मुलाखतीत अडखळते, मुलगा गप्प बसतो. असं का होतं, हे पालक कळकळीनं विचारतात. माझ्या मते कारण बहुतेक वेळा एकच असतं. मुलांना पायथन लिहायला शिकवलेलं असतं, पण बंद पडलेलं ॲप पुन्हा उभं करायला कुणी शिकवलेलं नसतं. नोकरी लागल्यावर सुरुवातीला वाट्याला येतो तो बहुधा दुसऱ्यानं लिहिलेला कोड आणि त्यातला बिघाड.

सुरुवात ट्रेसबॅकपासून करा. प्रोग्रॅम कोसळला की पडद्यावर बहुधा लाल अक्षरांत लांबलचक मजकूर उमटतो, तोच हा ट्रेसबॅक. मुलं घाबरून तो वरून वाचू लागतात किंवा वाचतच नाहीत. तो खालून वर वाचायचा असतो. काय बिघडलं ते शेवटच्या ओळीत कळतं; कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर, ते तिच्या वर. 2022 मध्ये आलेल्या पायथन 3.11 पासून तर ओळीतल्या चुकलेल्या भागाखाली खूणही येते. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं तर पॅकेज एका पायथनमध्ये बसवलं आणि ॲप दुसऱ्यानं चालवलं, असं पुष्कळदा निघतं. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हवं. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ‘नो सच टेबल’ दिसलं, तर डेटाबेसात टेबलं तयार करणारं मायग्रेशन आधी चालवलं होतं का, ते बघावं.

खरी परीक्षा मात्र ॲप सर्व्हरवर चढवताना होते. लॅपटॉपवर सगळं सुरळीत असतं. सर्व्हरवर नेलं की पानाची रया जाते, रंग नाहीत, बटणं वेडीवाकडी. कारण चुकांचा तपशील दाखवणारं ‘डीबग’ सेटिंग बंद केल्यावर जँगोचा स्वतःचा सर्व्हर सीएसएस आणि चित्रांच्या फाइली देणं थांबवतो. त्या ‘कलेक्ट स्टॅटिक’नं एका जागी गोळा करून एंजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरकडे सोपवाव्या लागतात. डोमेनचं नाव ‘अलाउड होस्ट्स’च्या यादीत नसेल, तर 400 क्रमांकाचा एरर येतो. वैतागून कित्येक मुलं डीबग पुन्हा चालू करतात आणि ॲप चालल्याचा आनंद मानतात. हे करू नका. डीबग चालू असताना एरर आला की कोडचे तुकडे, फाइलींचे मार्ग, सेटिंग्ज असं बरंच काही कुणाही अनोळखी माणसाला दिसतं. मुलाखत घेणाऱ्या अनुभवी माणसाला हे लगेच खटकतं, आणि खटकायलाच हवं.

आकडेही बोलतात. जँगोत फॉर्म पाठवल्यावर 403 आला, तर फॉर्ममध्ये सीएसआरएफ हे सुरक्षेचं टोकन टाकायचं राहिलं असावं. 500 म्हणजे सर्व्हरवरचा कोड कोसळला, लॉग उघडा. 502 दिसला तर पुढचा एंजिनएक्स जागा आहे, पण त्यामागचा, जँगोचा कोड चालवणारा गनिकॉर्न उत्तर देत नाही. मग टेम्प्लेटमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही. बिघाड कुठल्या थरात आहे हे ओळखणारा विद्यार्थी बॅकएंड, टेस्टिंग, डेव्हऑप्स, ॲप्लिकेशन सपोर्ट अशा कुठल्याही कामात उभा राहू शकतो. तो बीसीए झालेला असो, पॉलिटेक्निकचा असो की अभियांत्रिकीचा.

एआयला एरर विचारायला माझी हरकत नाही. पण आधी स्वतःचा अंदाज एका वाक्यात लिहा, मग विचारा. अंदाज का चुकला हे कळलं की पुढच्या वेळी तीच गाठ स्वतःला सोडवता येते. प्रत्येक दुरुस्तीची नोंद गिटमध्ये स्वच्छ शब्दांत ठेवा. ‘तुम्हाला सर्वांत जास्त छळणारा बग सांगा’ असं मुलाखतीत विचारलं, तर सांगायला तुमच्याकडे खरी गोष्ट असेल.

पालकांना कळकळीची विनंती: एकाच चुकीवर दोन दिवस अडकलेल्या मुलाला आळशी म्हणू नका. त्या दोन दिवसांत तो डोकं शांत ठेवून एकेक शक्यता बाद करायला शिकतो, आणि हे कुठल्याही वर्गात विकत मिळत नाही. क्लासची फी भरण्याआधी मात्र तिथं दोन प्रश्न जरूर विचारा. विद्यार्थ्याचं ॲप तुम्ही खऱ्या सर्व्हरवर चढवून घेता का? आणि ते बंद पडलं, तर दुरुस्त कोण करतं, विद्यार्थी की सर?